कटलेट तेलात फुटतंय? पीठ वाढवण्याआधी हे तपासा

भिशी, वाढदिवस, बारसं, हळदीकुंकू. घरी वीसेक माणसं यायची ठरली की नव्याने स्वयंपाकाला लागलेली पोरं-पोरी हमखास कटलेट करायला घेतात, आणि त्यात चुकीचं काही नाही. बटाटा स्वस्त, ताट-चमच्याची गरज नाही, हातात धरून गप्पा मारत खाता येतं आणि निम्मं काम सकाळीच उरकून ठेवता येतं. मग पाहुणे जिना चढायच्या अर्धा तास आधी कोल्हापुरात आमच्या राजारामपुरीतल्या इमारतीत माझा फोन वाजतो. "काकू, अहो तेलात सोडली की फुटायल्यात! आता काय करू ओ?"

माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कॉर्नफ्लोर किती घातलंस?" कारण फोन करायच्या आधी प्रत्येकाने ते ओतलेलंच असतं. फुटलं की पीठ, परत फुटलं की आणखी पीठ. शेवटी कटलेट फुटायचं थांबतं, पण खाताना दाताला पिठाचा गोळा लागतो. फुटणाऱ्या कटलेटात दोष बहुतेक वेळा पाण्याचा नाहीतर तापाचा असतो. पीठ त्या दोषावर पांघरूण घालतं, दोष तसाच राहतो.

पुढचं सगळं या मापावर धरून लिहितेय: १ किलो बटाटे, पाव किलो भाज्या (वाटाणा, गाजर, फरसबी), एक वाटी कोरडा ब्रेडचा चुरा सारणात, तेवढाच बाहेरून लावायला. साधारण ३० ग्रॅमची, दोन घासांत संपणारी कटलेटं केली तर पस्तीस-चाळीस होतात. पार्टीला हाच आकार ठेवा. हॉटेलसारखी तळहाताएवढी करायला गेलात तर उलटताना मोडतात आणि पाहुणाही अर्धं खाऊन ताटलीत ठेवून देतो.

आधी लक्षणं नीट बघा

"फुटलं" असं सगळेच सांगतात, पण फुटण्याचे प्रकार वेगळे आणि कारणंही वेगळी. एक कटलेट तेलात सोडा आणि वाकून न बघता, थोडं लांबून, बघत राहा.

- कडेला केसाएवढी चीर पडते, त्या चिरेतून बुडबुड्यांची रांग निघते, चीर रुंदावते आणि एखादा वाटाणा बाहेर येऊन तरंगतो. आकार मात्र बऱ्यापैकी टिकतो. ही आत कोंडलेल्या वाफेची खूण, नाहीतर सारण फार कोरडं झाल्याची.
- सोडल्यासोडल्या पांढरा फेस येतो, कडा झिजत जातात, तळाला चुरा बसतो. हे खरं तर फुटणं नव्हे, विरघळणं. सारणात पाणी जास्त, नाहीतर तेल कमी तापलेलं.
- आतला गोळा शाबूत, पण वरचं आवरण पापुद्र्यासारखं सुटून वेगळं होतं.
- कटलेट धड आहे, पण बोटाने दाबलं की तेल पाझरतं.
- बाहेरून करपट, आत गार.
- तेलात ठीक असतं, झाऱ्याने उलटलं की दोन तुकडे.
- पहिला घाणा फुटतो, नंतरचे चांगले निघतात.
- पहिला घाणा झकास, तिसऱ्यापासून फुटायला लागतात.

शेवटच्या दोन ओळींतलं तुमचं लक्षण कोणतं ते लक्षात ठेवा. फोनवर मी तेच आधी विचारते. पहिलाच घाणा फुटत असेल तर सारणाला हात लावायचं कारण नाही, तेल तापलेलं नसतं. तिसऱ्यापासून फुटत असतील तर सारण बाहेर बसल्या बसल्या पाणी सोडतंय.

आता तपासणी. आधी फुकटातल्या गोष्टी, मग थोडा वेळ खाणाऱ्या, मग खिशाला हात घालायला लावणाऱ्या. क्रम मोडू नका. बटाट्याला शिव्या घालून नवीन बटाटे आणायला पळणाऱ्याचा गॅस नुसता बारीक होता, असं फार वेळा निघतं.

तेलाचा ताप

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. कटलेटाला तेल १७० ते १८० अंश सेल्सिअसच्या आसपास लागतं. घरात थर्मामीटर नसतो, म्हणून सारणातली वाटाण्याएवढी गोळी टाकून बघा. तळाला जाऊन दोन-तीन सेकंदांत बुडबुडे घेत वर आली तर ताप बरोबर. तळालाच बसून राहिली तर तेल थंड आहे. टाकताक्षणी वर उसळून तपकिरी झाली तर जास्त तापलंय, गॅस बारीक करून दोन मिनिटं थांबा.

ताप का महत्त्वाचा? गरम तेलात पडलं की कटलेटाच्या वरच्या थरातलं पाणी उडून जातं आणि तिथे पटकन कडक कवच धरतं. आतला मऊ गोळा त्या कवचानेच धरून ठेवलेला असतो. तेल थंड असेल तर कवच धरायच्या आधीच सारण ढिलं पडून तेलात पसरतं, आणि जे टिकतं ते तेल पिऊन बसतं. उलट धूर निघेपर्यंत तापवलेल्या तेलात कवच इतक्या घाईने होतं, की आतली वाफ जागा मिळेल तिथून कवच फाडते. तेलकट आणि करपट ही दोन्ही लक्षणं इथेच निकालात निघतात.

यातच गर्दीही बघा. घरगुती कढईत एका वेळी चार-पाच, त्याहून जास्त नको. दहा गार कटलेटं एकदम पडली की तेलाचा ताप झटकन उतरतो आणि मग सगळीच विरघळायला लागतात. पाहुणे वाट बघतायत म्हणून मोठा घाणा घालणाऱ्याला एकूण वेळ जास्तच लागतो.

हात आवरा

कटलेट सोडल्यावर पहिलं मिनिट-दीड मिनिट झारा बाजूला ठेवा. कवच धरायच्या आत उलटायला गेलं की मोडणारच. खालची कड सोनेरी दिसली आणि बुडबुड्यांचा आवाज जरा उतरला की एकदाच उलटा. नवशिक्याचा हात सारखा शिवशिवतो, ते मला कळतं. त्या वेळेत पुढच्या घाण्याची कटलेटं ताटात मांडून घ्या.

कढई सोडून तव्यावर या

पार्टी तासाभरावर आली असेल आणि कारण शोधायला सवड नसेल तर हा सगळ्यात सोपा मार्ग. तव्यावर किंवा पसरट पॅनमध्ये चार-पाच चमचे तेल टाकून मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी भाजून घ्या. कटलेटाला खालून टेकण असतं, त्यामुळे जरा ओलं सारणही निभावतं, आणि तेलही कमी लागतं. पहिल्यांदा करणाऱ्याने कढईच्या वाटेला जाऊच नये असं माझं मत आहे. चवीत फरक पडतो, नाही म्हणत नाही, पण भिशीतल्या बायका चटणीतच बुडवून खाणार असतात.

गारवा

कुकरमधून काढलेला बटाटा लगेच कुस्करून, लगेच थापून, लगेच तळला तर फुटणारच. बटाट्यातला स्टार्च शिजताना पाणी धरून फुगतो आणि गरम असेपर्यंत मऊ, चिकट राहतो. गार झाला की तो घट्ट होतो आणि सारणाला आपोआप बांधणी येते. तेच काम फुकटात होत असताना पिठावर पैसे कशाला?

म्हणून बटाटे आदल्या रात्री उकडून सालीसकट फ्रिजमध्ये ठेवले तर उत्तम. तेवढी सवड नसेल तर थापलेली कटलेटं तरी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, उघडी, झाकण न लावता. झाकलं की आत दमट होऊन पृष्ठभाग ओला होतो. फ्रीझरमध्ये मात्र घाईने कोंबू नका. आत बर्फाचे कण होतात आणि तेलात तेच पाणी होऊन उलटतं. आणि उकडलेला बटाटा किंवा थापलेली कटलेटं ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायची नाहीत. एप्रिल-मेच्या उकाड्यात तर एक तासही खूप झाला.

पाणी शोधा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण बहुतेक घरात दोष इथेच सापडतो. पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते. सारणात राहून गेलेला चमचाभर ओलावाही बाहेर पडायला वाट शोधतो, आणि ती वाट तुमच्या कटलेटाच्या कडेतून जाते.

पहिली चाचणी हातावर. लिंबाएवढा गोळा घेऊन तळहातावर दाबून चपटा करा. बोटं आणि तळवा चिकट-ओला झाला तर पाणी जास्त. कडेला चिरा पडल्या तर सारण कोरडं. दोन चमचे दूध किंवा पाण्याचा हबका मारून मळा. चिरा नाहीत आणि हात जवळजवळ कोरडा राहिला, तर सारण ठीक आहे, पुढच्या मुद्द्यावर चला.

ओलं निघालं तर हे पाणी आलं कुठून? माझा अनुभव असा की खालच्यांपैकी एक तरी गोष्ट घडलेली असते.

बटाटे सोलून, फोडी करून पाण्यात उकडलेले असतात. लवकर शिजावेत म्हणून सगळे असंच करतात, आणि प्रत्येक कापलेली बाजू पाणी पीत बसते. बटाटे अख्खे, सालीसकट घ्या. कुकरच्या तळाला पाणी आणि बटाटे वरच्या डब्यात, पाणी न घालता. मध्यम बटाट्याला तीन-चार शिट्ट्या पुरतात. वाफ गेल्या गेल्या बाहेर काढा. कुकरमध्ये तसेच ठेवून अंघोळीला गेलात तर झाकणाचं पाणी ठिबकून सगळे भिजलेले मिळतील. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचे नसतील तर गरम असतानाच सोला आणि परातीत पसरून वाफ जाऊ द्या.

वाटाणा, गाजर, फरसबी उकडून नुसती चाळणीत ओतलेली असते. चाळणी वरवरचं पाणी काढते, आतलं नाही. सुती फडक्यात बांधून पिळा. त्याहून चांगलं म्हणजे भाज्या अगदी बारीक चिरून चमचाभर तेलावर, झाकण न ठेवता, परतून पूर्ण कोरड्या करा. फ्रोझन वाटाण्याचं विशेष बघा, त्याला चिकटलेला बर्फ सारणात वितळतो. बीट घालणार असाल तर किसून पिळलंच पाहिजे. रंग जातो म्हणून पिळत नाहीत, आणि मग तेल गुलाबी होतं.

कच्चा कांदा. चवीला छान, कटलेटाला वैरी. मीठ लागलं की कांदा पाणी सोडत राहतो. "पहिला घाणा चांगला, तिसरा फुटतो" याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. कांदा हवाच असेल तर परतून घाला. मीठही सगळ्यात शेवटी, थापायच्या वेळी. सकाळी सारण करून ठेवायचं असेल तर मीठ न घालता ठेवा आणि डब्याला चिठ्ठी लावा, नाहीतर कोणीतरी घातलंय समजून अळणी कटलेटं होतील.

धुतलेली कोथिंबीर. धुवून, झटकून, लगेच चिरली की मूठभर कोथिंबिरीतून बरंच पाणी जातं. आधी पंच्यावर पसरून कोरडी करा.

आपल्याकडे कटलेटात कांदा-लसूण चटणी घालायचा मोह होतोच, आणि घालावीच, नाहीतर कोल्हापूरच्या घरचं कटलेट म्हणायचं कसं? पण घरच्या चटणीत कांदा-खोबऱ्याचा ओलसरपणा, तेल आणि मीठ आधीपासून असतं. एका किलोला दोन चमचे पुरे, आणि वरचं मीठ त्या हिशेबाने कमी. ती सारणातच घाला. बाहेरच्या आवरणात घातली तर तिखट आणि लसूण तेलात आधी करपतात आणि कटलेट शिजलंय की जळलंय ते रंगावरून कळत नाही.

सारण ओलं झालंच असेल तर उपाय आहे. पसरट पॅनमध्ये, अगदी मंद आचेवर सारण पसरून चार-पाच मिनिटं हलवत राहा. वाफ निघताना दिसेल. सारण पॅन सोडायला लागलं की ताटात पसरून पूर्ण गार करा आणि परत हातावर तपासा. एक चमचाही पीठ न घालता सारण सुधारतं, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला खरं वाटत नाही.

कुस्करलं कशाने?

मिक्सरमध्ये फिरवलं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. पात्याने बटाट्यातल्या पेशी फाटतात, स्टार्च बाहेर पडतो आणि सारण डिंकासारखं होतं. ते परत मोकळं होत नाही. हाताने, मॅशरने किंवा किसणीवर किसून घ्या. किसणी सगळ्यात बरी, कारण गुठळ्या राहत नाहीत. कडेला आलेली बटाट्याची एक गुठळीसुद्धा चिरेला सुरुवात करून देते.

आता पीठ, आणि कोणतं पीठ

इथवर सगळं तपासून झालं आणि तरी सारण मऊ वाटतंय, तरच डब्याकडे हात न्या.

कॉर्नफ्लोरबद्दल एक गैरसमज आहे. ते थंड सारणात काही धरत नाही, नुसती पूड म्हणून पडून असतं. ओलावा आणि उष्णता दोन्ही मिळाली की मगच ते घट्ट होतं, म्हणजे तेलात गेल्यावर. थापताना सारण हाताला चिकटतंय म्हणून कॉर्नफ्लोर वाढवण्याचा उपयोग म्हणूनच फारसा होत नाही. किलोला दोन चमचे, बस.

थापतानाची चिकट कमी करतो तो कोरडा ब्रेडचा चुरा, कारण तो पाणी शोषतो. कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड खातात, त्यामुळे रविवारच्या उरलेल्या स्लाइस सोमवारी फ्रिजवर पडलेल्या असतातच. त्या तव्यावर कडक भाजून, चुरून चाळून घ्या. बेकरीतला साधा टोस्टही चालतो, पण तो गोडसर असतो, लवकर तांबूस होतो, तेव्हा आच जरा कमी. पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, डब्यातला चुरा स्वतःच सादळलेला असतो आणि मग शोषणार काय? वापरायच्या आधी कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं परतून गार करा.

ब्रेड पाण्यात भिजवून, पिळून सारणात घालायची जुनी पद्धत अनेक घरांत आहे. नवशिक्याने ती करू नये. पिळायचा अंदाज चुकला की ओलावाही वाढतो आणि कटलेटं तेलही पितात. पातळ पोहे कोरडेच मिक्सरला लावून केलेली अर्धी वाटी पूड हा स्वस्त आणि खात्रीचा पर्याय. पूड घातल्यावर दहा मिनिटं थांबा, तिला पाणी ओढायला वेळ लागतो. बेसन वापरायचं तर खमंग वास येईपर्यंत भाजून, दोन-तीन चमचे. कच्चं बेसन जिभेला कळतं.

आवरण

मैदा आणि कॉर्नफ्लोर निम्मं-निम्मं, पाण्यात कालवून घोळ करा. बोट बुडवून वर काढल्यावर नख दिसेनासं झालं पाहिजे. पातळ घोळ कटलेटाला भिजवतो, जाड घोळ पापुद्रा होऊन सुटतो. एका हाताने घोळात, दुसऱ्या हाताने चुऱ्यात. चुरा हलक्या हाताने दाबून बसवा आणि मग पंधरा मिनिटं तशीच राहू द्या. तेलात गळून पडलेला चुरा दोन घाण्यांच्या मध्ये झाऱ्याने किंवा बारीक जाळीने काढत जा, नाहीतर तो जळून पुढच्या कटलेटांना काळे ठिपके चिकटतात.

बटाटा बदलायची वेळ

इथून खर्च सुरू. वरचं सगळं करूनही सारण चिकट आणि ओलंच राहत असेल तर बटाटा नवा आहे का ते बघा. अंगठ्याने घासलं की साल सुटते, कापला की कापलेल्या जागी पाणी दिसतं, तो नवा. त्यात पाणी जास्त आणि स्टार्च कमी. रश्श्याला उत्तम, कटलेटाला नको. थंडी सरता सरता बाजारात हा माल भरपूर येतो. लक्ष्मीपुरीत घ्या नाहीतर कपिलतीर्थ मंडईत, नुसतं "बटाटा द्या" म्हणू नका. "जुना द्या, उकडून कुस्करायचाय" असं सांगा. विकणाऱ्याला कळतं.

याउलट, कटलेटं फुटत नाहीत पण पटकन काळपट होतात आणि चव गोडसर लागते, तर बटाटा फार थंडीत राहिलेला आहे. फार गारव्यात बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते, आणि साखर तेलात लवकर करपते. त्यामुळे कच्चे बटाटे घरातही फ्रिजमध्ये ठेवू नका. उकडलेले ठेवा, कच्चे नाही. हिरवट पडलेला किंवा कोंब फुटून सुरकुतलेला बटाटा वापरायचाच नाही. उकडून, तळून त्यातला अपायकारक अंश जात नाही.

तेल बदलायची वेळ

गणपतीत, दिवाळीत तळणाचं उरलेलं तेल गाळून ठेवलेलं असतं आणि कटलेटाला तेच निघतं. तेल काळपट, हाताला चिकट, थोडं तापवलं तरी धूर, आणि काही सोडलं की न मोडणारा फेस, यातलं काहीही दिसलं तर ते टाका. वारंवार तापलेल्या तेलात तयार होणारी द्रव्यं पदार्थाला जास्त तेल प्यायला लावतात, आणि फेसाखाली कटलेट दिसेनासं होतं ते वेगळंच. हॉटेलं आणि खाद्यव्यवसायांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून अशा द्रव्यांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. घरात मोजायला यंत्र नाही, म्हणून डोळे आणि नाक वापरायचं. शेंगतेल की सूर्यफूल, हा वाद इथे गैरलागू. दोन्ही चालतात, ताजं हवं.

तळल्यावर मऊ पडतात

कटलेटं फुटली नाहीत, पण पाहुणे येईपर्यंत लुसलुशीत झाली, तर दोष तळण्यात नाही, ठेवण्यात आहे. गरम कटलेटं स्टीलच्या डब्यात झाकली की त्यांचीच वाफ त्यांच्यावर पडते. एकावर एक न रचता जाळीवर नाहीतर चाळणीवर उघडी ठेवा. वर्तमानपत्रावर नको, शाई अन्नात उतरते. आधी तळून ठेवायचीच असतील तर फिकट रंगावर काढा आणि पाहुणे बसल्यावर मोठ्या आचेवर परत अर्धा-एक मिनिट सोडा.

सारण हातचं गेलं असेल तर

मिक्सरला लागलेलं, पिठाने जड झालेलं किंवा परतूनही न आवळणारं सारण वाचवत बसू नका. ब्रेडच्या दोन स्लाइसमध्ये भरून तव्यावर दाबून भाजा, चौकोनी चार तुकडे करा. हेही हातात धरूनच खातात, आणि कोणालाही कळत नाही की मुळात कटलेट ठरलं होतं. तळून फुटलेले तुकडे असतील तर वाटीत घाला, वरून मिसळीचा गरम कट, फरसाण, कांदा. कट वडा खाणाऱ्या गावात याला नावं कोण ठेवणार?

इथे थांबा

काही गोष्टी तपासायच्या नसतात, सोडून द्यायच्या असतात.

आच पूर्ण उघडूनही बारीकच राहते, ज्योत निळ्याऐवजी पिवळी येते किंवा कढईचा बूड काजळतो, तर तुमचं तेल कधीच नीट तापणार नाही. बर्नरचं वरचं तोंड गार असताना काढून, धुवून, पूर्ण वाळवून परत बसवणं एवढंच आपलं काम. त्याने फरक पडला नाही तर जेट, रेग्युलेटर, पाइप यांना सुई-पाना लावू नका, गॅस एजन्सीच्या मेकॅनिकला बोलवा. रबरी पाइपवर छापलेली मुदत संपली असेल तर तोही त्याच फेरीत बदलून घ्या. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं उघडी, विजेच्या कुठल्याही बटणाला हात नाही, आणि घराबाहेर जाऊन १९०६ वर फोन. ही गॅसगळतीची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. पार्टी राहू द्या.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी टाकायचं नाही. गॅस बंद करता आला तर करा, मोठं झाकण किंवा परात आडवी सरकवून कढई झाका आणि गार होईपर्यंत झाकण उचलू नका. कढई उचलून मोरीकडे धावणं सगळ्यात घातक. आग झाकण्याच्या पलीकडे गेली असेल तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवा.

तेल अंगावर उडालं तर भाजलेली जागा वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही नको. फोड मोठा असेल किंवा चेहरा, सांधा, हाताचा पंजा भाजला असेल तर थेट डॉक्टरकडे. जास्त भाजलं असेल तर १०८ ला फोन लावा.

साबुदाणावड्यालाही हीच तपासणी लावायची का, असं श्रावणात हटकून विचारतात. नाही. साबुदाणा नीट भिजला नसेल तर तेलात आवाज करून फुटतो आणि तेल तोंडावर येतं. तिथे एकदा जरी मोठा फट् आवाज आला, तर गॅस बंद करून उरलेलं तव्यावर थालीपिठासारखं लावा.

आणि माणसं चाळीसच्या वर असतील तर घरच्या कढईवर अवलंबून राहू नका. चार-पाचच्या घाण्याने शंभरेक कटलेटं काढायला दीड-दोन तास उभं राहावं लागतं, शेवटच्या घाण्यापर्यंत सारण ढिलं पडतं आणि पहिली कटलेटं गार होतात. अशा वेळी गल्लीतल्या वडेवाल्याला नाहीतर आचाऱ्याला दोन-तीन दिवस आधी सांगा, चटणी घरी करा. ऑर्डर देताना वेळ पाहुण्यांच्या वेळेच्या अर्धा तास आधीची सांगा, आणि माल झाकणाच्या डब्यात नको, उघड्या ट्रेमध्ये पाठवा, हेही सांगून ठेवा.